कामाला किती शिकलेला माणूस लागतो?

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात लागून मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. कंपनीने सगळ्या कामांचे मूल्यमापन करायचे ठरवले आणि कमिटीची टिपणे घ्यायला मला बसवले. व्यवस्थापनाचे दोघे, युनियनचे दोघे आणि समोर सल्लागारांनी दिलेला छापील तक्ता. एके दिवशी टूलरूममधल्या ग्राइंडिंगचे काम पुढे आले. पहिलाच रकाना शिक्षणाचा. टूलरूमचे इंजिनिअर म्हणाले, डिप्लोमा लिहा, आता आम्ही डिप्लोमावालेच घेतो. युनियनवाल्यांनीही लगेच मान हलवली. शिक्षण जास्त लिहिले की गुण वाढतात, गुण वाढले की पगाराची श्रेणी वर जाते. दोन्ही बाजूंचे इतक्या झटपट एकमत झालेले मी त्या खोलीत दुसऱ्यांदा पाहिले नाही.

त्या मशीनवर अठरा वर्षे उभे असलेले गृहस्थ सातवी पास होते. सगळे त्यांना मामा म्हणत. युनियनच्या दोघांपैकी वयाने मोठे होते त्यांना काय वाटले कोण जाणे, ते म्हणाले, मामांना बोलावू, त्यांनाच विचारू. मामा आले. त्यांनी हात पुसले, लाकडी डबीतून मायक्रोमीटर काढला, एक गाइड पिन त्यात धरली आणि मी सर्वांत जवळ बसलो होतो म्हणून माझ्या हातात दिला. वाचा म्हणाले. मी बी.कॉम. होतो. वाचले, बारा सदतीस. मामा म्हणाले, "साहेब, खालची रेघ उघडी पडलीय, बघा. बारा सत्त्याऐंशी." स्लीव्हवर मधल्या रेषेच्या खाली अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघ असते, ती माझ्या नजरेतून सुटली होती. जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब द्यावा लागतो तिथे मी अर्धा मिलिमीटर चुकलो होतो. एवढ्या चुकीने डाय सरळ भंगारात जाते.

मग रकान्यात काय लिहायचे? सातवी? डिप्लोमा? दोन्ही चूक होते. मामांची सातवी हा मामांचा इतिहास होता, डिप्लोमा ही भरती करणाऱ्यांची सोय होती. कामाला लागत होते ते वेगळेच: दशांश अपूर्णांक, ड्रॉइंग वाचता येणे, मापयंत्रांची ओळख आणि कोणत्या पोलादाला कोणता ग्राइंडिंग व्हील लावायचा याची जाण. हे सारे शाळेत मिळते, आयटीआयमध्ये मिळते, उस्तादाच्या हाताखालीही मिळते. कामाला लागणारे शिक्षण, माणसाजवळ असलेले शिक्षण आणि भरतीच्या जाहिरातीत मागितलेले शिक्षण या तीन गोष्टींची सरमिसळ हा या साऱ्या प्रश्नातला मूळ घोळ आहे. पुढे चाळीस वर्षे मी तो घोळ वेगवेगळ्या रूपांत पाहत आलो.

गंमत अशी की, गुणांकन पद्धत ज्यांनी बसवली त्यांना हा फरक नीट कळला होता. अमेरिकेतल्या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने, म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने १९३० च्या दशकात एक तक्ता तयार केला. धातुउद्योगाच्या संघटनेने तो उचलला आणि पुढे जगभर, आपल्याकडच्या कारखान्यांतही, त्याच्या नकला फिरल्या. अकरा घटक, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या, एकूण गुण ५००. शिक्षणाला १४ पासून ७० पर्यंत, अनुभवाला २२ पासून ११० पर्यंत. म्हणजे शिक्षण आणि अनुभव मिळून १८० गुण, एकूण गुणांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

पण त्या तक्त्यातल्या शिक्षणाच्या पायऱ्या वाचून पाहाव्यात. पहिल्या पायरीवर लिहिता-वाचता येणे आणि बेरीज-वजाबाकी. दुसरीवर अपूर्णांक, दशांश आणि साधी ड्रॉइंगे. तिसरीवर कार्यशाळेतले गणित, मापयंत्रे आणि थोडे कसबाचे प्रशिक्षण. चौथीवर गुंतागुंतीची ड्रॉइंगे आणि पूर्ण उमेदवारी करून येते तेवढे ज्ञान. पाचवीवर यांत्रिक किंवा विद्युत अडचणी मुळातून सोडवण्याइतके तांत्रिक ज्ञान. शाळेच्या इयत्ता त्यात आहेत, पण 'साधारण इतक्याच्या बरोबरीचे' अशा मापट्यासारख्या. खरी मोजणी ज्ञानाची आहे. आमच्या हाती आलेल्या नकलेत वर्णने गळली होती, इयत्ता तेवढ्या उरल्या होत्या. दहावी, आयटीआय, डिप्लोमा, पदवी. इयत्ता लिहायला सोपी, तपासायला सोपी. वर्णन भरायचे तर मशीनजवळ जाऊन उभे राहावे लागते.

या गळतीची किंमत रुपयांत मोजावी लागते. त्या मूळ योजनेत पगाराची एक श्रेणी साधारण २२ गुणांची असते आणि शिक्षणाची एक पायरी १४ गुणांची. दोन पायऱ्या उगाच वर चढवल्या की २८ गुण वाढतात, म्हणजे ते काम किमान एक श्रेणी नक्की वर सरकते. उलट उष्णतेत, धुरात, वजन उचलत केलेल्या कामाला कामाच्या परिस्थितीचे जास्तीत जास्त ५० गुण आणि धोक्याचे फक्त २५. फौंड्रीतल्या माणसाने धोक्याच्या सगळ्या पायऱ्या चढून जे मिळवायचे, ते ऑफिसातल्या माणसाला शिक्षणाच्या दोन जास्तीच्या पायऱ्यांनी मिळून जाते. दुहेरी मोजणीही सर्रास होते. आठ वर्षांच्या अनुभवाने जे येते तेच डिप्लोम्याने येत असेल, तर दोन्ही रकान्यांत पूर्ण गुण देणे म्हणजे एकाच ज्ञानाचे दोनदा पैसे मोजणे. हे टाळायला अमेरिकेच्या कामगार खात्याच्या जुन्या व्यवसायकोशाने बरा मार्ग काढला होता. सर्वसाधारण शिक्षणाच्या सहा पातळ्या एका बाजूला आणि त्या विशिष्ट कामाची तयारी व्हायला लागणाऱ्या काळाच्या नऊ पातळ्या दुसऱ्या बाजूला. तयारीची पहिली पातळी म्हणजे नुसते एकदा करून दाखवले की जमणारे काम, नववी म्हणजे दहा वर्षांहून जास्त. ही तयारी शाळेत झाली की उमेदवारीत की कामावर, याला फरक पडत नाही. कमिटीत बसणाऱ्या कुणालाही मी आजही आधी हीच विभागणी करायला सांगतो.

आता भरतीच्या बाजूला वळू, कारण मूल्यमापनात शिरलेली फुगवट तिथून येते. २०१५ साली उत्तर प्रदेश सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. अट पाचवी पास आणि सायकल चालवता येणे. अर्ज आले २३ लाख, त्यांत २५५ पीएच.डी. झालेले. आपल्याकडे लोकसेवा आयोगाने २०१६ मध्ये हमालांच्या पाच जागांसाठी अर्ज मागवले. अट चौथी पास. अर्ज अडीच हजारांच्या घरात, त्यांत नऊशेहून जास्त पदवीधर आणि काही एम.फिल. झालेलेही होते. यावर पोरे शिकून काय उपयोग, असा सूर लावणे सोपे आहे. मला दिसते ते दुसरे. अर्जांचा असा ढीग समोर आला की भरती करणारा चाळणी शोधतो आणि सगळ्यांत स्वस्त चाळणी म्हणजे शिक्षणाची अट वाढवणे. बँकांत कारकून व्हायला एकेकाळी दहावी-बारावीचे चांगले गुण पुरत, आज पदवी लागते. मधल्या काळात कारकुनाच्या टेबलावर संगणक आला, त्याने बेरजा आणि व्याजाचे हिशेब स्वतःकडे घेतले. काम बदलले हे खरे, पण ते तीन वर्षांच्या पदवीने अवघड झाले असे म्हणायला आधार हवा, आणि तो मी कुठल्याही जाहिरातीसोबत वाचलेला नाही.

काही वर्षांनी ती वाढीव अट कामाचीच गरज म्हणून कागदावर येते. सेवाप्रवेश नियमांत पदवी लिहिली म्हणून मूल्यमापनात पदवीचे गुण, आणि मूल्यमापनात पदवीचे गुण म्हणून नियमांत पदवी. अट कितपत कामाशी बांधलेली असते हे रेल्वेने २०१८ साली दाखवले. सर्वांत खालच्या स्तरावरच्या सुमारे ६३ हजार जागांसाठी आधी आयटीआय सक्तीचे केले, उमेदवार रस्त्यावर आले आणि त्याच महिन्यात दहावी किंवा आयटीआय अशी अट शिथिल झाली. रुळांचे काम त्या आठवड्यांत बदलले नव्हते. कीमन आपल्या हद्दीत रोज रूळ पायी तपासतो. खांद्यावर हातोडा, सोबत लाल झेंडी आणि धोक्याचे फटाके. सैल चावी ठोकणे, तडा ओळखणे आणि गाडी वेळेत थांबवणे हे त्याचे काम. त्याला किती वाचता आले पाहिजे, नियमपुस्तकातले काय कळले पाहिजे, हे एखाद्या कीमनसोबत एक दिवस चालून ठरवता येते. मंत्रालयात बसून ठरवले की अट अशी मागेपुढे होते.

अमेरिकेतली आकडेवारी याहून बोलकी आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०१७ च्या एका अभ्यासात उत्पादन विभागातल्या सुपरवायझरच्या जाहिराती तपासल्या. ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती. प्रत्यक्षात ते काम करणाऱ्यांत पदवीधर होते १६ टक्के.

आणि पदवीवरून कामाचा अंदाज तरी येतो का? श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरचे ८५ वर्षांचे संशोधन १९९८ मध्ये एकत्र मांडले. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.५४, शिक्षणाच्या वर्षांचा ०.१०. पुढच्या संशोधकांनी यातले बरेच आकडे खाली आणले, पण शिक्षणाच्या वर्षांना कुणी वर चढवलेले नाही. रेल्वेच्या कार्यशाळांत खलाशाला तंत्रज्ञ करताना ट्रेड टेस्ट घेतात, म्हणजे लोखंड हातात देऊन काम करून घेतात. ही आपल्याकडची जुनी, खात्रीची पद्धत आहे. नव्या व्यवस्थापकांनी तिच्याकडे पुन्हा पाहावे.

या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च १९७१ रोजी दिला. ड्यूक पॉवर कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजूर खात्यात घेत. त्या खात्यातला सर्वाधिक पगार इतर खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. इतर खात्यांत जायला कंपनीने हायस्कूल डिप्लोम्याची अट घातली होती. १९६५ मध्ये भेदभावबंदीचा कायदा लागू झाला त्याच दिवशी लेखी चाचण्यांचीही भर टाकली. पण अट येण्यापूर्वी लागलेले डिप्लोमा नसलेले गोरे कामगार त्याच खात्यांत नीट काम करत होते, त्यांना बढत्याही मिळत होत्या. न्यायालयाने हाच पुरावा धरला. अट कामाशी निगडित आहे हे मालकाने दाखवले पाहिजे, हेतू चांगला असून भागत नाही. ग्रिग्ज खटला या नावाने हा निकाल जगभर शिकवला जातो.

आपल्याकडे न्यायालयांनी दुसरी वाट धरली. १९७३ च्या त्रिलोकी नाथ खोसा प्रकरणात जम्मू-काश्मीरच्या अभियांत्रिकी सेवेत सहायक अभियंत्यांपैकी फक्त पदवीधरांनाच पुढची बढती देणारा नियम घटनापीठाने वैध ठरवला. मुख्य निकालपत्र यशवंत विष्णू चंद्रचूड यांचे. वर्गवारीचा अतिरेक समतेलाच खाऊन टाकेल असा इशारा सोबतच्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिला. नंतरच्या अर्धशतकात खात्यांनी निकाल उचलला, इशारा कपाटात ठेवला. एकाच पुलावर, एकाच हुद्द्यावर, एकच मोजणी वही भरणारे डिप्लोमाधारक आणि पदवीधर अभियंता यांच्यातला सल ज्यांनी सार्वजनिक बांधकाम किंवा पाटबंधाऱ्यात नोकरी केली त्यांना सांगायला नको.

तरी अलीकडच्या दोन निकालांनी विचार पुढे नेला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये पदवी लपवून शिपाई झालेल्या उमेदवाराला काढण्याचा बँकेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्या पदासाठी बारावी ही कमाल मर्यादा होती. लपवाछपवी झाली हे खरेच, पण निकालातले तत्त्व मला त्याहून मोलाचे वाटते: पदाची गरज ही वरच्या बाजूलाही गरजच असते. दुसरा निकाल ११ ऑगस्ट २०२३ चा, देवेश शर्मा प्रकरणातला. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. पात्र धरणारी २०१८ ची अधिसूचना रद्दच राहिली. आपल्या घरोघरी डी.एड. आणि बी.एड.चा वाद माहीत आहे. बी.एड. 'मोठे' असा सर्वांचा समज. न्यायालय म्हणाले की लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, बी.एड. त्यासाठी तयार करत नाही. सहा वर्षांच्या मुलाला हातच्याची बेरीज समजावणे हे खालचे काम नव्हे, निराळे काम आहे. शिक्षणाकडे वरखाली शिडी म्हणून पाहायची सवय लागलेल्या प्रत्येक कमिटीने हा निकाल वाचावा.

काही कामांना प्रमाणपत्र हवेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परिचारिका, औषधनिर्माता, उच्च दाबाच्या तारांवर काम करणारा वायरमन यांची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते. पण तिथेही नमुना पाहायचा तर बॉयलर अटेंडंटचा पाहावा. त्याचे प्रमाणपत्र बाष्पके संचालनालय देते. त्यासाठी बॉयलरवर घालवलेला काळ दाखवावा लागतो आणि परीक्षा द्यावी लागते. पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर काय करायचे, हे त्याला तोंडपाठ असायला हवे. तो कोणत्या कॉलेजात गेला याने वाफेचा दाब उतरत नाही.

आतापर्यंत फुगवटीबद्दल बोललो. उलटी चूकही होते आणि ती बहुतेक बायकांच्या कामांबाबत होते. काम घरातल्या कामासारखे दिसले की त्यातले शिक्षण मोजलेच जात नाही. अंगणवाडी हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून सेविका मुलांची वजने घेते, वाढीचा तक्ता भरते, तीव्र कुपोषित मूल ओळखते, गरोदर बाईला आहार समजावते आणि आता हे सगळे मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंदवते. वजनाच्या काट्यावरून तक्त्यावर बिंदू टेकवणे आणि तो कुठल्या रेषेखाली गेला हे सांगणे यात मामांच्या मायक्रोमीटरइतकीच अचूकता लागते. महाराष्ट्रात पूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे. आता दोघींनाही बारावीची अट आहे. अट वाढली, मोबदल्याचे नाव मात्र मानधनच राहिले. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सांगायलाही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. भरतीच्या वेळी शिक्षण मोजायचे आणि मोबदल्याच्या वेळी विसरायचे, हा अन्याय आहे. दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २००४ पासून सोळा घटकांची मूल्यमापन योजना लागू केली ती समान मोबदल्याच्या खटल्यांच्या पार्श्वभूमीवर. तिच्यात एकूण १००० गुण आहेत आणि ज्ञान, प्रशिक्षण व अनुभव हा एकच एकत्र घटक, २४० गुणांचा. वेगळे शिक्षण नाही, वेगळा अनुभव नाही. पदवीइतके ज्ञान लागते असे ठरले, तर ते पदवीने आले की कामावरच्या प्रशिक्षणाने, गुण तेच. शिवाय माणसांशी बोलण्याचे कसब आणि भावनिक ताण यांना स्वतंत्र घटक आहेत. दुहेरी मोजणी जाते आणि दुर्लक्षित कसब कागदावर येते. मी पाहिलेल्यांत ही योजना सर्वांत विचारी वाटली.

भारतात कागदावरची तयारी वाईट नाही. २०१३ मध्ये कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, तेव्हा त्यात दहा स्तर होते, आता आठ आहेत. २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात कामे त्या स्तरांशी जोडली आहेत. कामावर शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. पण त्या प्रमाणपत्रावर कुणाची श्रेणी वाढल्याचे मला क्वचितच दिसले, कारण सेवाप्रवेश नियमांत 'समकक्ष अर्हता' हा शब्द असतो आणि समकक्ष म्हणजे काय ते ठरवणारा अधिकारी जबाबदारी घ्यायला धजत नाही. अमेरिकेत मेरीलँडने २०२२ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारच्या हजारो पदांवरची पदवीची अट काढली, बड्या कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. २०२४ च्या पाहणीत मात्र असे दिसले की या बदलाचा लाभ वर्षभरातल्या ७०० नेमणुकांपैकी एकीलाही पुरता पोचला नव्हता. जाहिरातीतली ओळ खोडली म्हणून निवड करणाऱ्याची सवय जात नाही.

आमच्या कमिटीने शेवटी ग्राइंडिंगच्या कामाला शिक्षणाची चौथी पायरी दिली आणि शेरा लिहिला: उमेदवारी किंवा आयटीआय किंवा कामावर मिळवलेले तेवढेच ज्ञान, चाचणी घेऊन. तो शेरा माझ्या हस्ताक्षरात आहे. मामांची श्रेणी एकाने वाढली. ते निवृत्त झाल्यावर त्या जागेची जाहिरात निघाली, तिच्यात शेरा नव्हता, डिप्लोमा होता. निवडलेल्या मुलाला शिकवायला कंपनीने मामांना तीन महिने परत बोलावले.

तुमच्यापैकी कुणी सेवाप्रवेश नियमांच्या मसुद्यावर, आकृतिबंधाच्या बैठकीत किंवा पगारकराराच्या टेबलावर बसत असाल, तर माझे एक ऐका. शिक्षणाचा रकाना पहिला छापलेला असला तरी तो सगळ्यांत शेवटी भरा. आधी ते काम करणाऱ्याजवळ एक पाळी उभे राहा.